सायलेन्सरची टिकली

तीन सप्टेंबर, सकाळचे साडेदहा. रक्कम सात हजार चारशे ऐंशी रुपये. मोटरसायकलच्या एका नव्या सायलेन्सरची ही किंमत. ती कंपनीने भरायची की गाडीच्या मालकिणीने, हे ठरवणारा पिवळा फॉर्म एजन्सीच्या वर्कशॉपात काकांच्या टेबलावर होता. फॉर्म दोन पानांचा, पण निकाल एकाच ओळीत लागायचा. ‘गंजाचे कारण : आतून / बाहेरून. लागू नसेल ते खोडावे.’ आतून म्हणजे पत्राच कच्चा, दोष कारखान्याचा, सायलेन्सर फुकट. बाहेरून म्हणजे चिखल, पाणी, हयगय. दोष वापरणाऱ्याचा, घाला खिशात हात.

काका या एका ओळीवर एकोणीस वर्षे बसले होते. त्याआधी बारा वर्षे सुट्या भागांच्या खिडकीत. कॉमर्सचे पदवीधर, अक्षर मोत्यासारखे, पेन्सिली सगळ्या एका उंचीच्या. त्यांच्या टेबलावर धूळसुद्धा परवानगी घेऊन बसते, असे मेकॅनिक म्हणायचे. जन्म मोटरसायकलींत गेला, पण त्यांना ती चालवता येत नव्हती. कामावर सायकलने यायचे. त्यांना ऐकता मात्र यायचे. सायलेन्सर आला की ते पेचकसाची मूठ त्यावर तीन ठिकाणी वाजवत आणि डोळे मिटून कान देत. पत्रा धड असेल तर ‘ठण्ण’. आतून कुजला असेल तर ‘ठप्प’. त्यांचा कान कधी चुकला नाही.

कान चुकला नाही, पण पेन चुकत गेले, आणि इतके हळूहळू की त्यांना स्वतःलाच पत्ता लागला नाही. कंपनीला दावे फार गेले की वरून तपासणीसाहेब येत, दोन दिवस बसत, सगळ्यांचा घाम काढत. त्यामुळे काका शंका आली की ‘आतून’ खोडत. पुढे पुढे शंका नसली तरी खोडू लागले. आतून आणि बाहेरून हे शब्द मुळात गंजाविषयी होते. काकांच्या टेबलावर ते पैशांविषयी झाले. पैसे आतले जाणार की बाहेरचे, एवढाच अर्थ उरला. गंज कुठून का असेना, कंपनीने भरायचे नसेल तर तो ‘बाहेरून’. काकांनी कोणाचा एक पैसा खाल्ला नाही, म्हणून यात काही खोटे आहे असे त्यांना कधी वाटले नाही. मेकॅनिक त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे बाहेरूनकाका.

त्या सकाळी समोर उभी होती ती बाई मीटर वाचणारी. विजेच्या मीटरचे आकडे घरोघर जाऊन टिपायचे, हे तिचे काम. वय चाळिशीचे, गळ्यात ओळखपत्र, हातात जाड वही, कानावर पेन. गाडी दोन वर्षे दहा महिन्यांची. वॉरंटी तीन वर्षांची. गाडी आत आली तेव्हा आवाज असा, की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले.

“ताई, पीठगिरणी आणलीत की मोटरसायकल?” एका मेकॅनिकने विचारले.

“गिरणी निदान पीठ तरी देते,” ती म्हणाली. “ही नुसती बोंबलते.”

काकांनी पेचकस घेतला. वाजवले. ठप्प. पुढे सरकून वाजवले. ठप्प. मागे तर मूठच किंचित आत गेली. बाहेरून पत्रा चकचकीत होता; बाई रोज पुसत असणार. काकांनी डोळे उघडले, टेबलाशी गेले आणि पट्टी धरून ‘आतून’ हा शब्द खोडला.

“बाहेरून,” ते म्हणाले. “पैसे भरावे लागतील, ताई.”

बाईने फॉर्म उलटा न करता, टेबलापलीकडूनच वाचला. उलटे आकडे वाचायची तिला सवय होती. “साहेब, गंज बाहेरून आहे तर मग बाहेर दिसत का नाही?”

“वापराचा दोष असतो. तुम्ही दहा पावलं गाडी चालवता, थांबता, परत दहा पावलं. इंजिन तापतच नाही. धुरातलं पाणी आतच राहतं.”

“आतच राहतं ना? मग लिहा की आतून.”

मेकॅनिक फिसकन हसला. काका हसले नाहीत. “तसा अर्थ नाही होत त्याचा.”

“शब्दाचा अर्थ तसा नाही होत?” बाईने वही टेबलावर ठेवली. “साहेब, मी रोज दोनशे मीटर वाचते. प्रत्येक तिसऱ्या दारात माणूस म्हणतो, तुझं मीटर खोटं बोलतंय. मी म्हणते, बाबा, मीटर कधी खोटं बोलत नाही. बोललाच तर वाचणारा बोलतो.”

काकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ते म्हणाले, “तुम्ही वाटल्यास वर अर्ज करा.”

“करीन. पण आधी इकडे या.” ती गाडीजवळ गेली, जमिनीवर गुडघे टेकले आणि ओढणीच्या टोकाने सायलेन्सरचा तळ पुसला. “वाका जरा.”

“माझे गुडघे एकोणसाठ वर्षांचे आहेत, ताई.”

“माझी गाडी तीनचीसुद्धा नाही, तरी बसली. वाका.”

काका वाकले. सायलेन्सरच्या तळाला, जिथे पेन्सिलीच्या टोकाएवढे भोक असायला हवे, तिथे भोक नव्हते. तिथे वेल्डिंगचा एक गोल, गुळगुळीत ठिपका होता. टिकलीएवढा.

“आमच्या प्रत्येक मीटरला सील असतं,” बाई म्हणाली, “आणि सील कोणी लावलं, त्याचा नंबर असतो. हे कोणी लावलं?”

काकांना त्याच क्षणी कळले. उठताना त्यांनी सीटचा आधार घेतला आणि तोंडातून शब्द गेले, “कंपनीतूनच तसं येतं.”

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग म्हणाली, “बरं. तुम्ही म्हणता तर असेल. पण मी पैसे भरत नाही. वरून उत्तर येईपर्यंत गाडी इथेच राहील. मी बसने फिरेन.” वही उचलून ती चालू लागली.

काका तडक मागच्या शेडमध्ये गेले. तिथे वेल्डर होता. वय काकांएवढेच, आयुष्यभर ठोकाठोकीत राहिल्यामुळे कानांनी अधू. त्याच्याशी बोलायचे म्हणजे सगळ्या वर्कशॉपाला ऐकवायचे.

“सायलेन्सरच्या भोकाला टिकली तू लावलीस?” काका हळूच म्हणाले.

“काय विकली?”

“टिकली! टिकली!”

“हां, टिकली!” वेल्डरचा चेहरा उजळला. “मग? तुम्हीच सांगितलं होतं की!”

सांगितले होते. काकांना आठवत नव्हते असे नाही. त्यांनी ते कधी आठवून पाहिले नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत नवे मॉडेल आले होते. सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरच्या त्या भोकातून पाणी टपकायचे. टपकायलाच हवे, भोक त्यासाठीच असते, आतले पाणी बाहेर पडावे म्हणून. पण नव्या गाडीखाली पाणी पाहिले की माणसाला गाडी फुटकी वाटते. आठवड्याला चार-पाच जण तक्रार घेऊन येत. काका प्रत्येकाला समजावत, प्रत्येकाला दहा मिनिटे. आणि समजावले तरी तक्रार ती तक्रारच. रजिस्टरात चढायची, महिन्याच्या शेवटी एजन्सीच्या मालकीणबाई आकडा पाहून भुवया चढवायच्या. एके दिवशी एक गृहस्थ तिसऱ्यांदा आले. काका वैतागले आणि वेल्डरला ओरडून म्हणाले, “लाव रे त्याला एक टिकली आणि कर मोकळा!”

एका गाडीपुरते बोलले होते. वेल्डरने हुकूम समजून घेतला. पाणी गळते म्हणून जी गाडी येईल तिला टिकली. दोन मिनिटांचे काम, पैसे नाहीत, तक्रारीचा कागद नाही; गाडी फक्त आवक-वहीत चढायची. गिऱ्हाईक खूश. पुढच्या महिन्यात ‘पाणी गळते’ या रकान्यात शून्य आले, त्याच्या पुढच्याही महिन्यात शून्य. काकांनी विचारायला हवे होते की एकाएकी हे पाणी गेले कुठे. विचारले नाही. शून्य आले की कारण विचारायचे नाही, हा त्यांचा जुना नियम. वर्षाच्या शेवटी कंपनीने त्यांना एक स्टीलचा थर्मास दिला. त्यावर ‘शून्य तक्रार’ अशी निळी अक्षरे होती. रोज घासून घासून त्यातले ‘शून्य’ पुसून गेले आणि नुसते ‘तक्रार’ राहिले, यावरून मेकॅनिकांनी पुष्कळ दात काढले होते.

“किती गाड्यांना लावलीस?” काकांनी ओरडून विचारले.

वेल्डरने लोखंडी कपाटाचे दार उघडले. आतल्या बाजूला खडूच्या रेघा होत्या, पाच-पाचाच्या जुड्या. “एका टिकलीला एक चहा, असं ठरलं होतं आपलं. एक्केचाळीस झाल्या. दोन चहा पाजलेत तुम्ही. मी कधी बोललो नाही, म्हटलं काकांच्या लक्षात असेल.”

त्या दुपारी काकांनी स्वतःची रजिस्टरे काढली. आयुष्यभर ज्या टापटिपीचा त्यांना अभिमान होता, ती आता त्यांच्यावरच उलटली. एक पान शोधायला दोन मिनिटे लागली नाहीत. डाव्या हाताशी आवक-वहीतली, ‘पाणी गळते’ म्हणून आलेल्या गाड्यांची यादी, उजव्या हाताशी गेल्या दीड वर्षात सायलेन्सर कुजून आलेल्या गाड्यांची. मीटरवाल्या बाईचा सोडून आणखी अकरा नंबर दोन्हीकडे होते. अकराही फॉर्मांवर ‘आतून’ पट्टी धरून खोडलेले. अकरा जणांनी पूर्ण पैसे भरलेले. त्यात एक पाववाला होता, त्याने तीन हप्त्यांत भरले होते, आणि शेवटचा हप्ता चार दिवस उशिरा आला म्हणून काकांनी त्याला चारचौघांत सुनावले होते. एक निवृत्त पोस्टमन होते. ते पैसे भरून म्हणाले होते, “माझंच चुकलं असेल हो. पुसायला हवी होती.”

माझंच चुकलं असेल. हे वाक्य काकांच्या मनातून हलेना. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपण लोकांना हसून सांगत आलो. इथे तर रोग आपणच दिला आणि औषधाचे पैसेही त्यांच्याकडूनच घेतले.

फॉर्म वर पाठवायला हवा होता. पाठवला तर तपासणीसाहेब येणार, पहिली नजर टिकलीवर जाणार. काकांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते. पाच महिने. एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही लाल शेरा नाही. पाच महिने फॉर्म ड्रॉवरमध्ये राहू शकत होता. फॉर्म असे राहतात.

गाडी मात्र समोरच होती. काकांच्या खिडकीतून नेमकी तीच दिसायची. चौथ्या दिवशी बाई आली. चपलांना धूळ, चेहरा उन्हाने काळवंडलेला.

“साहेब, वरून उत्तर आलं?”

“अजून नाही.” हात नकळत ड्रॉवरवर गेला.

“बरं. घाई नाही असं म्हणत नाही, घाई आहे. बसने दोनशेची दीडशे घरं होतात, आणि मला मीटरमागे पैसे मिळतात. पण तुम्ही वाजवून, कान देऊन बघता म्हणे. मेकॅनिक सांगत होता, काकांचा कान चुकत नाही. तेव्हा तुम्ही नीट लिहून पाठवलं असेल.” पाणी मागून प्यायली आणि गेली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शिवी माणूस झटकून टाकतो. भरवसा अंगाला चिकटतो.

त्या संध्याकाळी काकूंनी थर्मास धुवायला घेतला तर तो भरलेला. तीन दिवस सलग तसाच परत येत होता.

“अहो, चहा बिघडतोय का माझा?”

“नाही.”

“मग पोट?”

“नाही गं.”

“मग पोटातलं काय ते सांगा. खाई त्याला खवखवे.”

काकांनी स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून सगळे सांगितले. टिकली, रेघा, पाववाला, पोस्टमन, ड्रॉवर. काकूंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. समोरच्याला मध्ये न तोडता ऐकायची त्यांना सवय होती. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “मग सांगून टाका मालकीणबाईंना.”

“पाच महिने राहिलेत.”

“म्हणजे पाच महिने हे तोंड घेऊन घरात फिरणार? आणि पुढे काय, निवृत्त झालात की तोंड नवं मिळतं?”

“झाकली मूठ असते, गं.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची जगासाठी. मुठीत काय आहे ते मुठीला ठाऊकच असतं.” त्यांनी थर्मासातला चहा मोरीत ओतला. “उद्यापासून चहा देत नाही. फुकट जातो.”

तरी काका आणखी तीन दिवस गप्प राहिले. हे लिहिलेच पाहिजे, कारण पुढे काका स्वतःही हे तीन दिवस कधी लपवत नसत. एकदा मालकीणबाईंच्या दारापर्यंत गेले आणि पेन्सिली संपल्यात असे सांगून परतले. पेन्सिली कपाटात दोन डझन होत्या.

अकरा सप्टेंबरला सकाळी त्यांनी ड्रॉवर उघडला, फॉर्म समोर घेतला. ‘आतून’ आधीच खोडलेले होते. त्यांनी पट्टी धरून ‘बाहेरून’ही खोडले. मग वर उरलेल्या जागेत लिहिले, ‘आमच्याकडून’. वाचून पाहिले. यात वेल्डर येत होता, मालकीणबाई येत होत्या, सबंध वर्कशॉप येत होते. तेही खोडले आणि लिहिले, ‘माझ्यामुळे’. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एवढी खाडाखोड झालेला हा पहिला फॉर्म. तो घेऊन ते आत गेले.

मालकीणबाई वयाने काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. सासऱ्यांनंतर धंदा त्यांनीच सांभाळला होता. त्यांनी फॉर्म वाचला, टेबलावर ठेवला, परत उचलून वाचला.

“काका, हे काय आहे?”

काकांनी सांगितले. या वेळी सगळे, क्रमाने, रजिस्टरे पुढ्यात ठेवून.

“तुम्हाला कळतंय का, हा कागद वर गेला तर काय होईल? एजन्सी जाईल.”

“हो.”

“आणि नाही गेला तर?”

“तर एकोणतीस गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्या आतून कुजतायत.”

मालकीणबाईंनी रजिस्टर बाजूला सारले. मग म्हणाल्या, “माझे सासरे म्हणायचे, वर्कशॉपात एक माणूस असा आहे की त्याच्या सहीवर डोळे मिटून सही करावी. मी मिटले. अकरा वेळा.” त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर काकांना सोपे गेले असते. “फॉर्म वर जाणार नाही. कंपनीचा दोष नाही, मग कंपनीकडे मागायचं कशाला? अकरा जणांचे पैसे परत करू, या बाईला सायलेन्सर आपण देऊ. पैसे निम्मे माझे, निम्मे तुमचे. आणि वेल्डरला सांगा, सगळ्या टिकल्या काढ. गिऱ्हाइकांना फोन तुम्ही करायचे. कारण खरं सांगायचं.”

फोन करायला दोन दिवस लागले. काकांनी प्रत्येकाला तेच वाक्य सांगितले, “चूक माझी होती.” पाववाल्याने आधी ऐकून घेतले, मग ऐकवले. उशिराच्या हप्त्याचे त्याला शब्दन् शब्द आठवत होते. पोस्टमन म्हणाले, “असू द्या हो, चालायचंच,” आणि त्यानंतर काका बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसले. गाड्या येऊ लागल्या. वेल्डर टिकलीवर ड्रिल धरायचा, पत्र्याला भोक पडायचे आणि आतून काळसर तांबडे पाणी धार लागून पडायचे.

“काका, तुमचा चहा!” वेल्डर ओरडायचा. या वेळी काकाही थोडे हसले.

मीटरवालीला मात्र काकांनी फोनवर सांगितले नाही. तिला अकरा तारखेलाच बोलावून घेतले. नवा सायलेन्सर बसवून गाडी दारात तयार होती. काकांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले.

“तुम्हाला हे नंतर कळलं?” तिने विचारले.

“नाही. त्याच दिवशी.”

“मी खाली वाकून दाखवलं तेव्हा?”

“तेव्हाच.”

“आणि मी चौथ्या दिवशी आले, तेव्हा फॉर्म वर गेला नव्हता?”

“या ड्रॉवरमध्ये होता.”

तिने ड्रॉवरकडे पाहिले. मेकॅनिकांनी हातातली कामे थांबवली होती. “अहो साहेब,” ती म्हणाली, “मला वाटत होतं, माझंच वाचायला चुकतंय. आठ दिवस मी प्रत्येक मीटर दोनदा वाचलं.”

काकांनी आधीच तयार ठेवलेले पाकीट पुढे केले. आठ दिवस, रोज दोन तिकिटे, नऊ रुपयांप्रमाणे. बुडालेल्या घरांचे पैसे किती झाले, तेही सांगा, भरतो, असे म्हणाले.

“ती घरं मी रविवारी जाऊन वाचून काढली. ते माझं झालं.” तिने पाकिटावरचा आकडा वाचला, मनात गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. मग पाकीट तसेच टेबलावर ठेवले. “हे आज नको.”

“घ्या, ताई. तुमचेच आहेत.”

“म्हणून तर नको. मी रोज दोनशे लोकांना सांगते, तुमचं इतकं देणं झालं. माझं देणं लागणारा आजवर कोणी नव्हता. असू दे एखादा.” गाडी सुरू केली. आवाज असा हलका, की मेकॅनिकांनाही कान द्यावा लागला. तळाच्या भोकातून दोन थेंब पाणी पडले. तिने खाली वाकून पाहिले, मान हलवली आणि निघून गेली.

काका फेब्रुवारीत निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मालकीणबाई चार शब्द बोलायचे ते बोलल्या, पण सहीची गोष्ट त्यांनी काढली नाही. वेल्डरला काकांनी उरलेले एकोणचाळीस चहा पाजले, रोज एक, आणि कपाटाच्या दारावरची रेघ त्याच्यासमोर पुसली. थर्मास वर्कशॉपातच ठेवून आले.

पाकीट घरी, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. मीटरवाली दर दोन महिन्यांनी त्यांच्याही घरचे मीटर वाचायला येते. काका दार उघडतात आणि पाकीट पुढे करतात. ती आकडा टिपते, “आज नको” म्हणते आणि पुढच्या दाराशी जाते.

बसभाड्याचे एकशे चव्वेचाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.